तिच्या चेहऱ्यावरचा उजेड

गवारीच्या शेंगा मोडता मोडता शिवयोगींचा हात थांबला, कारण टेबलावरचा फोन थरथरत कडेला सरकला होता, आणि तो पडू नये म्हणून धरायला जाताच त्यांचा अंगठा नेमका पडद्यावर पडला. निवृत्त प्राध्यापकांच्या गटावर कुणीतरी व्हिडिओ टाकला होता. काळं आभाळ, त्यात तिरके चढत जाणारे तोफगोळ्यांचे लाल ठिपके, मग फडकणारा झेंडा, मग बर्फातून चालणारी जवानांची रांग, आणि या सगळ्याच्या पाठीमागे सारंगी. पहिल्या दोन-तीन सुरांतच त्यांनी ती ओळखली. कॉलेजात वर्षानुवर्षं, दर साली नव्या मुलांसमोर, ज्या सुरांपाशी ते हात वर करून म्हणत आले होते, ‘आता इथं ऐका’, तेच हे सूर. कुणीतरी ते त्या जुन्या सिनेमातून उचकटून काढून या लाल ठिपक्यांना चिकटवले होते. आणि ते चिकटलेही होते अगदी चपखल, हेच त्यांना सोसेना. आतल्या खोलीतून भुवनेश्वरी म्हणाली, “अप्पा, बंद करा ते.” आवाज चढलेला नव्हता, रागाचाही नव्हता. शिवयोगींनी घाईनं बटण दाबलं, तर सारंगी आणखी मोठी झाली. शेवटी त्यांनी फोन गवारीच्या ताटात उपडा घातला आणि वर दोन्ही तळवे दाबून धरले. सारंगी शेंगांमधून थोडा वेळ वाजत राहिली.

मे महिना होता. जुळे सोलापुरातला त्यांचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दुपारी असा तापायचा की भिंतीला पाठ टेकवत नसे. सीमेवर तोफा सुरू झाल्यापासून दिग्विजयचा, त्यांच्या जावयाचा, फोन आलेला नव्हता. शेवटचा निरोप एवढाच होता की काही दिवस फोन बंद राहील, काळजी करू नका, भुवीला जास्त उठू-बसू देऊ नका. भुवनेश्वरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा महिना, रक्तदाब वाढलेला, डॉक्टरीणबाईंनी जिना बंद करून टाकलेला. तिची आई दानेश्वरी सकाळीच एसटीनं अक्कलकोटला मठात गेली होती. निघताना लेकीच्या केसांवरून हात फिरवत ती कानडीत म्हणाली होती, “अंजबेडव्वा.” भिऊ नको, पोरी. नवऱ्याला तिनं काहीच सांगितलं नव्हतं, फक्त गवार पुढ्यात ठेवली होती. माणसाला काहीतरी मोडायला, निवडायला दिलं की तो एका जागी बसतो हे तिला ठाऊक होतं. तिच्याजवळ जायला निदान एक मठ होता. शिवयोगींजवळ काय होतं? टीव्हीवरच्या बातम्यांची वायर त्यांनी कालच काढून टाकली होती, कारण तिथं बातमीच्या आधी भोंगा वाजायचा आणि भोंगा वाजला की भुवीचा हात आपसूक पोटावर जायचा. वायर काढणं, एवढंच या युद्धात त्यांच्या हातून झालेलं काम.

तो सिनेमा काळा-पांढरा होता. दुसऱ्या महायुद्धातली ब्रह्मदेशाची आघाडी, आसामच्या बाजूचं एक डोंगरी स्टेशन, चहामळ्यातल्या बंगल्यात थाटलेलं लष्करी इस्पितळ. तिथली नर्स रेवा, तारायंत्राच्या तुकडीतला एक कॅप्टन, आणि स्टेशनातला तारबाबू, जो तिच्यावर जीव लावून बसलेला असतो आणि तिच्याच तारा तिला आणून देतो. गोष्ट म्हणाल तर एवढीच. पण शिवयोगी मुलांना सांगत, गोष्ट सोडा, उजेड बघा. विमानांच्या भीतीनं इस्पितळाच्या खिडक्यांना काळे कागद लावलेत, म्हणजे दिग्दर्शकानं स्वतःच्या हातानं सगळे दिवे मालवून ठेवलेत, आणि मग त्या अंधारात एकच कंदील आणून ठेवलाय. कॅप्टनच्या वाट्याला येते डोळ्यांवरची एक पट्टी, बाकी तो सगळा सावलीत. कारण तो जाणारा आहे. तारबाबूला कायम पाठीमागून उजेड, त्याचा चेहरा आपल्याला नीट दिसतच नाही, कारण तिनंही तो कधी नीट बघितलेला नाही. आणि तिच्या गालावर डावीकडून, जरा खालून, मऊ उजेड. सारंगीचं तसंच. ती धून आधी वाद्यावर येतच नाही. रेवा सुया उकळत असताना पाण्याच्या रटरटीवर ती गुणगुणते, तेव्हा ती कामाची धून असते. कॅप्टन तिच्याकडून ती उचलतो, चुकीची उचलतो, एक सूर कायम खाली लावतो. आणि पुढं सारंगीवर येते ती ही चुकलेली धून. इथं मुलं हसत, आणि शिवयोगी हात वर करून म्हणत, हसताय ना, आता इथं ऐका, आता तो चुकलेला सूर तिच्या तोंडी आलाय, म्हणजे ती गेली कामातून. आणि शेवटी तारबाबू दारात येऊन उभा राहतो. हातात कागद. तो काही बोलत नाही, ती काही विचारत नाही. सारंगी थांबते. कंदिलाची वात तशीच, काच तशीच, आणि तरी तिच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू उतरत जातो. शिवयोगी तिथं चित्र थांबवत. खोलीत पंख्याचा आवाज उरे. ‘कंदील तर कुणी हलवला नाही,’ ते म्हणत, ‘मग उजेड कुठनं कमी झाला?’ कुणीतरी मुलगी बारीक आवाजात म्हणे, ‘आतनं, सर.’ आणि दर वर्षी, अगदी दर वर्षी, त्यांच्या अंगावर काटा येई.

एका साली हे उत्तर आलं नाही. मागच्या बाकावरून एक उंच पोरगा उभा राहिला, एनसीसीची परेड आटोपून तसाच आलेला, खाकी पाठीला घामानं चिकटलेली. मोडनिंबचा. म्हणाला, “सर, त्यो मेला ते दाखवलं न्हाय की. तिच्या तोंडावरचा उजेड तेवढा कमी केला.”

“तेच तर सौंदर्य आहे.”

“व्हय. पर मग त्याचं मरणसुद्दा तिचंच झालं. त्याला काय ऱ्हायलं?”

वर्ग हसला. शिवयोगी मात्र खूश झाले होते. असा प्रश्न वर्षानुवर्षांत एखाद्या पोराला पडतो, असं त्यांनी घरी जेवताना सांगितलं होतं, आणि पुढच्या सालापासून तो प्रश्न ते आपल्या व्याख्यानात वापरू लागले होते, ‘मला एका विद्यार्थ्यानं विचारलं होतं’ असं म्हणून. ताटावर बसलेली भुवी, तेव्हा रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणाली होती, “कोण हो तो, अप्पा?” पुढच्या शनिवारी ती वडिलांचा डबा विसरलाय म्हणून वर्गात आली आणि अंधारात मागच्या बाकावर बसून सिनेमा संपेपर्यंत थांबली. ती त्या पोराला बघायला आली होती हे शिवयोगींना पुढं कळलं. तो पोरगा, दिग्विजय, फौजेत भरती झाला, नंतर अधिकारी झाला, आणि लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा दानेश्वरीनं जातीवरून महिना-दोन महिने अबोला धरला, भावकीतले लोक येऊन बसून गेले. शिवयोगी एकटे ठाम राहिले. आज गवारीच्या ताटापाशी बसून त्यांना वाटलं, ते ठाम राहणंसुद्धा आपलं होतं का? की अंधाऱ्या खोलीत इतकी वर्षं बसून आपल्यालाही वाटायला लागलं होतं की गोष्टीत एक उदार बाप असावा, त्यानं खिडकीशी उभं राहून थोडं थांबून ‘हो’ म्हणावं? ते खरंच खिडकीशी उभे राहिले होते. ‘हो’ म्हणायच्या आधी खरंच थोडे थांबले होते.

भुवनेश्वरी दोन्ही हात कमरेवर टेकून बाहेर आली. चेहरा सुजलेला, केस मानेला चिकटलेले. सोफ्यावर बसायला तिला वेळ लागला. शिवयोगी उठून मदत करावी की नको या विचारात अर्धवट उठले आणि ती बसल्यावर तेही बसले.

“लावा तो पिक्चर,” ती म्हणाली.

“कुठला?”

“आता कुठला काय, अप्पा? तुमच्याकडं दुसरा हाय का?” ती चिडली की तिच्या बोलण्यात सासरचं मोडनिंब डोकावे.

“नको भुवी. दुसरं काहीतरी लावू. जरा हसायचं.”

“मला हसायचं नाही. नुसतं पडून छताकडं बघून मी वेडी होईन. लावा.”

“त्याचा शेवट...”

“मला माहीत आहे शेवट. तुमच्या घरात वाढलीय मी.”

त्यांनी पेनड्राइव्ह शोधला. तो सापडू नये असं त्यांना वाटत होतं आणि तो पहिल्याच खणात सापडला. पडदे ओढले, पण सोलापूरचा मे महिना कापडाच्या पडद्याला जुमानत नाही. फटींमधून पांढऱ्या सळ्या आत आल्या आणि टीव्हीवर आडव्या पडल्या. काळे कागद लावलेलं ते इस्पितळ करडं, धुतल्यासारखं दिसू लागलं. कंदील कुठंय तेच कळेना. कॅप्टनच्या डोळ्यांवरची ती पट्टी नाहीशी झाली होती आणि तिच्या जागी टीव्हीच्या काचेत मागच्या फ्लॅटची खिडकी आणि तिच्यावर वाळत घातलेली सोलापुरी चादर दिसत होती. कूलरच्या घरघरीत सारंगीचा एक सूर ऐकू येई, दोन बुडत. रेवा सुया उकळत होती. शिवयोगींच्या तोंडून सवयीनं निघालं, “आता इथं ऐक...”

“अप्पा, समजावू नका.”

ते गप्प झाले. पण गप्प बसूनही ते समजावतच होते, मनात, ओळीमागून ओळ. आणि भुवी मधूनमधून काही बोलत होती ते या ओळींत कुठं बसत नव्हतं. “ही बाई जेवते कधी?” ती म्हणाली. मग पुष्कळ वेळानं, “हिला घर नाही का? आई, बहीण, कुणीच कसं नाही फोन करायला?” शिवयोगी म्हणाले, “तेव्हा फोन...” आणि थांबले. खरंच, रेवाला कुणी नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. ती कुठल्या गावची, तिला पगार किती, तिचे पाय दुखतात का, तिला कधी कंटाळा येतो का, काही म्हणजे काही दिलेलं नव्हतं. तिला फक्त गाल दिला होता, आणि गालावर उजेड. मुलांना ते सांगत, व्यक्तिरेखा अशी रेखाटावी की तीत एकही जास्तीची रेघ नको. आता त्यांना वाटलं, सगळ्या जास्तीच्या रेघा काढून टाकल्यावर उरली ती बाई नव्हेच, ती नुसती वाट बघणं होती, आणि नुसती वाट बघणं सुंदर दिसतं. शेजारी बसलेल्या मुलीनं पाय स्टुलावर ठेवले होते, घोट्यांना सूज होती, ओठ सुकले होते, आणि ती मिनिटा-मिनिटाला फोन उलटून बघत होती. हे सुंदर नव्हतं. आणि तेवढ्यात पडद्याच्या फटीतली एक सळी सरकून तिच्या गालावर आली, डावीकडून, जरा खालून, आणि शिवयोगींच्या मनात, त्यांना न विचारता, आलं: वा. त्यांनी मान दुसरीकडं केली. त्यांना वाटलं उठावं, पडदा नीट ओढावा, ती सळी घालवावी. पण पडदा ओढला की ती विचारणार, काय झालं, आणि काय सांगणार? तुझ्यावर उजेड चांगला पडलाय, हे?

शेवट जवळ आला तेव्हा भुवीचे डोळे मिटलेले होते. श्वास संथ. शिवयोगींनी रिमोट उचलला. बंद करावा की चालू ठेवावा हे त्यांना ठरवता येईना. बंद केला तर अचानक शांततेनं ती जागी होणार, चालू ठेवला तर सारंगीनं. त्यांनी आवाज तेवढा काढून टाकला. तारबाबू दारात आला. सारंगी नव्हती, म्हणून सारंगीचं थांबणंही नव्हतं. रेवाचा चेहरा हळूहळू काळवंडत गेला, व्होल्टेज उतरल्यावर बल्ब मंदावतो तसा, आणि त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं की ती नटी काहीही करत नाही. ती नुसती उभी आहे. कुणीतरी कुठंतरी दिव्याची एक मूठ फिरवतंय, बस्स. त्यांच्या अंगावर काटा आला नाही.

“गेला का?” भुवी डोळे न उघडता म्हणाली.

“तू झोपली होतीस.”

“तुम्ही आवाज बंद केलात तेव्हाच कळलं.” मग थोड्या वेळानं, “अप्पा, दिग्विजयनं तुम्हाला काय विचारलं होतं वर्गात, आठवतं?”

त्यांना आठवत होतं. ते म्हणाले, “नाही गं.”

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी यायचा दिवस होता. दानेश्वरी खाली मोटार लावायला गेली होती आणि शिवयोगी बाल्कनीत पिंप भरत उभे होते, धोतराचा सोगा कमरेला खोचून, पाइप हातात. फोन वाजला. आबासाहेब, दिग्विजयचे वडील. शेतकरी माणूस, फोनवर नेहमी ओरडून बोलणारा. आज आवाज खाली होता.

“पाव्हणं, युनिटातनं फोन आलता. जिता हाय. जिता हाय बगा, आदी तेवडं ऐका.”

“हं.”

“तोफंचा गोळा जवळ पडला. भित अंगावर आली. खांद्यात लोखंड घुसलंय, त्ये काडलं म्हनं. पर कान... कान गेलं म्हनत्यात. दोनी. ऐकू ईल का न्हाय ते सांगंनात. पाव्हणं, तुमी शिकल्यालं. कान परत येत्यात का वो?”

पिंप भरून वाहू लागलं होतं, पाणी चपलांखालून जात होतं. बाल्कनीच्या दारात भुवनेश्वरी येऊन उभी होती, आणि सकाळचं ऊन सरळ शिवयोगींच्या तोंडावर होतं. त्यांना हे एकदम कळलं, म्हणजे अंगाला कळलं: आपल्या तोंडावर उजेड आहे आणि ती बघते आहे. उभा जन्म त्यांनी हेच शिकवलं होतं, की बातमी शब्दांत येत नाही, ती तोंडावर येते. भुवई किती हलली, ओठाचा कोपरा कुठं गेला, गिळलं कधी. आता त्यांना आपलं तोंड कुठं ठेवावं ते कळेना. हसावं तर खोटं दिसेल. तसंच ठेवावं तर तसंच म्हणजे कसं, ते आधी कसं होतं? त्यांनी पाठ फिरवली. भिंतीकडं तोंड केलं, पाइप हातात तसाच, पाणी भिंतीवर उडू लागलं.

“अप्पा,” भुवी म्हणाली. “इकडं बघा.”

“जिवंत आहे,” ते भिंतीला म्हणाले.

“मग वळत का नाही?”

त्यांना वळता येईना. फोनमध्ये आबासाहेब विचारत होते, “पाव्हणं, ऐकताय न्हवं? येत्यात का परत?” आणि मागं भुवी भिंतीला धरून खाली बसत होती. तो आवाज त्यांना ऐकू आला, बांगड्या भिंतीवर घासल्याचा, पण तरी मान वळली नाही. दानेश्वरी वर आली तेव्हा तिनं आधी नळ बंद केला, मग नवऱ्याच्या हातातला पाइप काढून घेतला, मग लेकीला छातीशी धरलं. या क्रमानं. शिवयोगी हात मोकळे झाल्यावरही पाइप धरल्यासारखेच उभे राहिले.

भुवीला प्रवास करता येणार नव्हता. आबासाहेब एकटेच गेले, दिल्लीच्या पुढं कुठल्याशा लष्करी इस्पितळात, आणि परत आले तेव्हा त्यांनाही नीट सांगता येईना, नुसतं म्हणत, “लई वरडून बोलतो. ह्येला वाटतं आमास्नी ऐकू येत न्हाय.” मुलगी झाली, ठरल्या दिवसाच्या आधी, पण नीट झाली. तोफा तोवर केव्हाच थांबल्या होत्या. कॉलनीत लोक आंब्याच्या भावाबद्दल बोलू लागले होते, आणि निवृत्त प्राध्यापकांच्या गटावर सुप्रभाताची फुलं येत होती. डॉक्टरांनी दिग्विजयला यंत्र लावून पाहिलं होतं. डाव्या कानात काहीतरी गुंजन होतं, बाकी काही नाही. पुढं बघू, म्हणाले.

एका सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. भुवीनं बाळ कॅमेऱ्यासमोर धरलं. दिग्विजय वॉर्डातल्या खाटेवर बसला होता, वर ट्यूबलाइट, कुठंच सावली नसलेला सपाट पांढरा उजेड, दाढी वाढलेली. त्यानं बाळाकडं पुष्कळ वेळ पाहिलं. बाळ रडत होतं. “रडतीय काय गं?” त्यानं ओरडून विचारलं. भुवीनं मान हलवली. तो हसला आणि पुन्हा ओरडला, “बगू दे, बगू दे, तोंड बगू दे रडताना.” ती काहीतरी बोलू लागली, भरभर, आणि मध्येच तिच्या लक्षात आलं की त्याला ओठ वाचता येत नाहीत एवढ्या वेगानं, आणि ती रडू लागली, मग डोळे पुसून पुन्हा सावकाश बोलू लागली, एकेक अक्षर तोंडात मोठं करून. शिवयोगी दाराशी उभे होते. खोलीत यावं की जावं ते ठरत नव्हतं. त्यानं त्यांना पाहिलं.

“सर!” तो ओरडला. “सर, बोला की कायतरी!”

भुवीनं फोन त्यांच्या हातात दिला. इतकी वर्षं ते बोलतच आले होते. त्यांनी तोंड उघडलं. पडद्यावरचा मुलगा त्यांच्या ओठांकडं टक लावून बघत होता, वर्गात कुणी कधी बघितलं नव्हतं इतकं लक्ष देऊन.

“जेवलास का?” त्यांनी विचारलं.

त्यानं भुवया आवळल्या. त्यांनी पुन्हा विचारलं, मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं, सावकाश, ओठ फाकवून, “जे-व-लास का?” पलीकडच्या वॉर्डातली माणसं वळून बघू लागली. दानेश्वरी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

दिग्विजयचा चेहरा एकदम उजळला. कळलं असं त्यानं हातानं दाखवलं.

“व्हय सर,” तो ओरडला, “हितंबी पडला काल. लई पडला पाऊस.”

शिवयोगींनी फोन जरा लांब धरला, म्हणजे त्याला आपलं तोंड पूर्ण दिसावं, आणि मान हलवली. “हो का,” ते म्हणाले. “बरं झालं.”